एका पटलातून दुसऱ्या पटलात

रक्ताच्या रिपोर्टवर कोलेस्टेरॉल २०० असं छापलेलं असतं. म्हणजे दर १०० मिलिलिटरमागे २०० मिलिग्रॅम, लिटरला दोन ग्रॅम. हेच कोलेस्टेरॉल नुसत्या पाण्यात विरघळवायला गेलं तर लिटरभर पाण्यात जेमतेम दोन मिलिग्रॅम मावतं. फरक हजार पटींचा आहे. रक्तात ते लिपोप्रोटीनच्या, म्हणजे चरबी आणि प्रोटीन मिळून झालेल्या, कणांत बसून फिरतं, म्हणून निभावतं. पेशीच्या आत मात्र ते एका पटलातून (मेंब्रेनमधून, म्हणजे पातळ तेलकट पडद्यातून) उठून दुसऱ्या पटलात जातं, आणि मधे सगळं पाणीच असतं. ते जातं कसं आणि त्याला वेळ किती लागतो, हे मोजण्यात माझी कोल्हापुरातली गेली काही वर्षं चालली आहेत.

प्रश्न वरवर साधा वाटतो, पण पेशीतली वाटणी पाहिली की तो सोडून देववत नाही. पेशीच्या बाहेरच्या पटलात दर शंभर लिपिड (चरबीच्या जातीच्या) रेणूंमागे तीस ते चाळीस कोलेस्टेरॉलचे असतात. जिथे ते तयार होतं त्या एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमच्या पटलात मात्र पाचच्या आसपास. जिथे बनतं तिथेच इतकं कमी! ही तफावत पेशी जन्मभर टिकवून धरते. ती बिघडली की काय होतं, याचं उदाहरण नीमन-पिक सी हा आजार. त्यात कोलेस्टेरॉल पेशीच्या लायसोसोममध्ये, म्हणजे टाकाऊ माल पचवणाऱ्या कप्प्यात, साचून राहतं आणि लहान मुलांची मज्जासंस्था हळूहळू निकामी होत जाते. त्यामागचं एनपीसी१ हे जनुक १९९७ मध्ये सापडलं. त्यावरचा पेपर एम.एस्सी.ला असताना वाचला आणि विषय तिथेच ठरला.

खऱ्या पेशीत एकाच वेळी शंभर गोष्टी चालू असतात, त्यामुळे सुरुवात लिपोसोमपासून करायची. लिपोसोम म्हणजे लिपिडच्या दुपदरी पटलाची पाण्याने भरलेली सूक्ष्म पोकळ गोळी. १९६० च्या दशकात ॲलेक बँगहॅम यांनी दाखवून दिलं की फॉस्फोलिपिड पाण्यात टाकलं की ते आपोआप अशी पटलं बांधतं. आम्ही वापरतो ती गोळी १०० नॅनोमीटरची. एकीत साधारण ऐंशी हजार ते एक लाख लिपिड रेणू बसतात.

ती बनवण्याचं काम हातांचं आहे. पीओपीसी हे लिपिड क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून उणे २० अंशांवर ठेवलेलं असतं. कोल्हापूरच्या पावसाळ्यात पहिला नियम असा, की कुपी फ्रीजरमधून काढली की लगेच उघडायची नाही. जुलै-ऑगस्टमध्ये हवा इतकी ओली असते की गार काचेवर बघता बघता पाणी धरतं, आणि टोपण काढलेलं असेल तर तेच पाणी लिपिडमध्ये उतरतं. म्हणून कुपी टेबलावर ठेवायची, तिचं अंग कोरडं होईपर्यंत दुसरं काम करायचं. क्लोरोफॉर्म प्लॅस्टिक खातो, त्यामुळे रोजच्या मायक्रोपिपेटला इथे मज्जाव. सगळं काचेच्या सिरिंजने. ठरलेल्या प्रमाणात लिपिडं गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये घ्यायची, रोटाव्हेपवर (फ्लास्क फिरवत कमी दाबाखाली द्रव उडवणाऱ्या यंत्रावर) फिरवत क्लोरोफॉर्म उडवायचा. फ्लास्कच्या पोटाला आतून पातळ फिल्म धरते. ती नीट धरली की फ्लास्क तिरका करून उजेडात पाहिल्यावर कळतं: कुठे गाठ नाही, कुठे उघडी काच नाही. मग काही तास व्हॅक्यूमवर. क्लोरोफॉर्मचा अंश राहिला तर पटल सैल पडतं आणि पुढचं सगळं मोजमाप खोटं ठरतं.

त्यावर पीएच ७.४ चा बफर घालून हलवलं की दुधी द्रावण मिळतं. त्यात कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकात एक पदर असलेले कण असतात. ते मोकळे करायला द्रव नायट्रोजनमध्ये गोठवायचं, कोमट पाण्यात वितळवायचं, पुन्हा गोठवायचं. द्रव नायट्रोजनची मला आधी धास्ती होती, इथे मिळेल की नाही. पण हा दुधाचा जिल्हा. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या द्रव नायट्रोजनमध्येच ठेवतात, त्यामुळे तो कॅन गावागावांत पोचलेला आहे. आमच्या गावी गोठ्यावर येणाऱ्या डॉक्टरांच्या गाडीला लावलेला असायचा तसलाच कॅन आता आमच्या लॅबच्या कोपऱ्यात उभा आहे.

शेवटी एक्स्ट्रूजन. धातूच्या चौकटीत समोरासमोर दोन काचेच्या सिरिंज, मधे १०० नॅनोमीटरच्या छिद्रांचा पॉलिकार्बोनेटचा चकतीएवढा फिल्टर. एकीकडून ढकलायचं, दुसरीकडे भरायचं, परत ढकलायचं. फेऱ्या विषम संख्येच्या ठेवतात, म्हणजे द्रावण सुरुवातीच्या सिरिंजमध्ये परतत नाही आणि न गाळलेला अंश त्यात मिसळत नाही. पहिल्या फेरीला अंगठ्याला चांगलाच जोर लावावा लागतो. हळूहळू दांडा हलका होतो, दुधीपणा ओसरतो आणि द्रावणाला निळसर झाक येते. ती झाक दिसली की मला यंत्राआधीच कळतं की माल जमलाय. तरी डायनॅमिक लाइट स्कॅटरिंगवर आकार बघतोच, आणि फॉस्फेटची निळ्या रंगाची चाचणी करून लिपिड किती उरलं तेही काढतो, कारण फिल्टरवर थोडं अडकतंच.

आता कोलेस्टेरॉल हललं हे दिसणार कसं? कोलेस्टेरॉल चमकत नाही. त्याला चमकणारी शेपटी जोडता येते. एनबीडी जोडलेलं कोलेस्टेरॉल बाजारात तयार मिळतं, सुंदर हिरवं चमकतं, साध्या यंत्रावरही दिसतं. मला पहिल्यांदा तेच घ्यायचं होतं. माझ्या गाइड मॅडमनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "अगं, तू कोलेस्टेरॉल मोजणारेस की एनबीडी?" एनबीडीचा गट ध्रुवीय आहे. तो पटलाच्या तेलकट गाभ्यात राहायला राजी नसतो, पाण्याकडे ओढ घेतो, आणि त्यापायी अख्खा रेणू पटलात वेडावाकडा, कधी उलटा बसतो. कोलेस्टेरॉल ज्या कारणाने पटलाला धरून असतं ते कारणच निघून जातं. मग त्याचा वेग मोजून आपल्याला कळणार काय?

आम्ही घेतलं डिहायड्रोएर्गोस्टेरॉल, लॅबच्या भाषेत डीएचई. हे बुरशीतल्या एर्गोस्टेरॉलचं भावंड: एक दुहेरी बंध जास्त. वेगळी शेपटी काही नाही. कड्यांमधल्या दुहेरी बंधांमुळे ते मुळातच चमकतं, आणि आकाराने, वागण्याने कोलेस्टेरॉलच्या बरंच जवळ राहतं. ३१० ते ३३० नॅनोमीटरचा प्रकाश टाकला की ३७५ च्या आसपास उत्तर देतं. पण ते सांभाळणं म्हणजे व्रत आहे. चमक अतिनील, डोळ्यांना दिसत नाही. साधी काच तो प्रकाश गिळते, म्हणून क्वार्ट्झचा क्युव्हेट, म्हणजे द्रावण मोजायची छोटी नळी. उजेड लागला की मरतं, हवा लागली की ऑक्सिजन खाऊन बिघडतं. कुपी तपकिरी काचेची, वर ॲल्युमिनियमची फॉइल, आत आर्गॉन, खोलीतले दिवे बंद. त्या अंधारात फॉइलची चुरचुर आणि व्हॅक्यूम पंपाची घरघर एवढंच ऐकू येतं. तरीही मला आज ठामपणे वाटतं की या विषयात सगळ्यात मोठा निर्णय हाच असतो. चमक कमी असलेला पण मूळ रेणूशी इमान राखणारा प्रोब (मूळ रेणूऐवजी मोजायचा चमकणारा रेणू) घ्यावा, आणि त्याची उस्तवार करावी. सोयीचा प्रोब घेऊन आलेली देखणी आकडेवारी मी पेपरांमध्ये वाचते तेव्हा आधी त्याची रचना शोधते, ग्राफ नंतर.

मोजणी अशी. एका प्रकारच्या लिपोसोममध्ये डीएचई, हे दाते. दुसऱ्यात डॅन्सिल हा चमकणारा गट जोडलेलं फॉस्फोलिपिड, हे घेते. डॅन्सिल आपल्या पटलातून सहजासहजी हलत नाही; फॉस्फोलिपिडला दोन लांब शेपट्या असल्याने ते कोलेस्टेरॉलहून किती तरी सावकाश बाहेर पडतं. डीएचई दात्यातून निघून घेत्यात पोचलं की दोघं काही नॅनोमीटरवर येतात. मग ३१० ला डीएचईला दिलेली ऊर्जा ते स्वतः न उधळता शेजारच्या डॅन्सिलला देतं, आणि ५२० च्या आसपास डॅन्सिलचा प्रकाश दिसतो. थिओडोर फ्योर्स्टर यांनी १९४० च्या दशकात मांडलेली ही ऊर्जेची देवघेव. आमच्यासाठी तिचा अर्थ इतकाच, की ५२० चा सिग्नल चढतोय म्हणजे रेणू पलीकडे पोचतायत.

क्युव्हेटमध्ये आधी घेते, ३७ अंशांवर स्थिर होऊ द्यायचे, खाली छोटा चुंबक फिरत असतो. मग वरून दाते सोडायचे आणि झाकण लावायचं. पडद्यावर रेघ आधी सपाट असते, मग उचलते. पहिल्यांदा ती उचलताना पाहिली तेव्हा मी खुर्चीतून उठले होते. पहिल्या भागात झपाट्याने, मग सावकाश, मग जवळजवळ सपाट. तिथे पोचायला तास लागतात. त्या वेळात शटर सतत उघडं ठेवलं तर डीएचई प्रकाशानेच जळून जातं, म्हणून क्षणभर उघडायचं, नोंद घ्यायची, बंद करायचं.

ही एक रेघ म्हणजे निकाल नाही. डॅन्सिल ३१० ला थोडा आपला आपणही चमकतो, तेव्हा डीएचई नसलेले दाते घालून तीच मोजणी पुन्हा. डॅन्सिल नसलेले घेते घालून पुन्हा. नुसते दाते ठेवून, जळण्यामुळे किती घट होते ते पाहायला पुन्हा. आणि दोन्हींचा समतोल झाला की सिग्नल कुठे असायला हवा हे कळण्यासाठी, डीएचई आधीच दोन्हीकडे वाटून दिलेले लिपोसोम बनवायचे. समतोलाची आणखी एक चाचणी सायक्लोडेक्स्ट्रिनची. बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन हे ग्लुकोजच्या सात एककांचं कडं. त्याच्या पोकळीत स्टेरॉल (कोलेस्टेरॉल, डीएचई या जातीचा रेणू) बसतं आणि ते कडं पाण्यातून त्याची ने-आण करतं. चिमूटभर घातलं की तासांचं काम मिनिटांत होतं आणि रेघ थेट वरच्या सपाटीवर जाऊन टेकते. आपण काढलेली सपाटी आणि ही सपाटी जुळली की जिवात जीव येतो.

पावसाळ्यातल्या मोजण्या जिकिरीच्या. फ्लुरोमीटरचा, म्हणजे चमक मोजणाऱ्या यंत्राचा, झेनॉनचा दिवा तापून स्थिर व्हायला अर्धा तास घेतो, आणि वीज जाऊन तो विझला तर गरम असताना पुन्हा पेटवायचा नसतो, निवू द्यावा लागतो. तीन तासांची रेघ अडीच तासांवर तुटते तेव्हा लिपोसोम टाकून द्यावे लागतात. ढग भरून आले की मी लांबलचक मोजण्या लावत नाही, आकार बघणं, फॉस्फेट काढणं अशी कामं उरकते.

आता खरा प्रश्न. रेणू पलीकडे जातात हे दिसलं, पण कसे? दोन रस्ते संभवतात. एक तर दोन लिपोसोम एकमेकांवर आदळतात आणि त्या स्पर्शात रेणू सरकतो. किंवा रेणू एकटाच पटलातून सुटतो, पाण्यातून जातो आणि समोर येईल त्या पटलात शिरतो. १९८१ मध्ये मॅक्लीन आणि फिलिप्स यांनी किरणोत्सारी कोलेस्टेरॉल वापरून याचा छडा लावला होता. दात्यांना विद्युतभार दिलेला, घेते बिनभाराचे. ठरावीक वेळाने दोन्ही कॉलममधून वेगळे करायचे आणि कुणात किती कोलेस्टेरॉल आलं ते मोजायचं. अर्धं काम व्हायला त्यांना दोन-अडीच तास लागलेले दिसले, आणि निष्कर्ष पाण्यातून जाण्याचा होता. मला तीच कसोटी माझ्या डीएचईवर लावायची होती.

कसोटीची युक्ती मला फार आवडते. घेत्यांची संख्या वाढवत न्यायची. आदळून देवघेव होत असेल तर गर्दी वाढली की टकरी वाढतील आणि रेघ जास्त वेगाने चढेल. पण रेणू एकटाच सुटून जात असेल, तर वेळ सगळा सुटण्यातच जातो. मुसळधार पावसात घराबाहेर पडायला माणूस तासभर खोळंबतो. पलीकडच्या गल्लीत चार घरांची दारं उघडी आहेत की चाळीस, याने त्याचा खोळंबा कमी होत नाही. तेव्हा रेघेची शेवटची सपाटी बदलेल, कारण घेते जास्त म्हणजे तिकडे जमणारे रेणू जास्त. पण त्या सपाटीकडे जाण्याचा वेग तोच राहील.

लिपिड फार वाढवलं की द्रावण गढूळ होतं आणि प्रकाश विखुरतो, म्हणून एका मर्यादेतच हे करता येतं. त्या मर्यादेत मी घेते वाढवत गेले, प्रत्येक वेळी त्या प्रमाणाची सपाटी वेगळी काढली आणि सगळ्या रेघा शून्य ते एक अशा मापात बसवल्या. रात्री कॉम्प्युटरवर त्या एकावर एक टाकल्या आणि त्या एकमेकींवर बसल्या: रेणू एकटाच सुटत होता. मी मॅडमना फोटो पाठवला. उत्तर आलं: "छान. आता तापमान बदलून बघ."

तेही बघितलं. तापमान दहा अंशांनी वाढवलं की वेग अडीच-तीन पट होतो, इतका मोठा ऊर्जेचा अडसर रेणूला ओलांडायचा असतो. तेलकट अंग पटलातून ओढून पाण्यात काढायचं म्हणजे एवढी किंमत असणारच. कोलेस्टेरॉलला पाण्याकडे तोंड करणारा एकच हायड्रॉक्सिल गट आहे, त्यामुळे पटलाच्या एका पदरातून दुसऱ्या पदरात उलटी मारणं त्याला तुलनेने सोपं जातं. या उलटीला सेकंदाचा अंश लागतो की त्याहून जास्त, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. पण पटल सोडून जाणं त्याला जड जातं याबद्दल वाद नाही.

राजारामपुरीत मी जिथे जेवते त्या मावशींना हे सगळं माहीत आहे, कारण डबा भरताना त्या रोज विचारतात आणि मी रोज सांगते. त्यांचं स्वतःचं कोलेस्टेरॉल वाढलंय, डॉक्टरांनी गोळी चालू केली आहे. "पोरी, ते जाणं-येणं राहू दे. पांढरा रस्सा बंद करायचा का न्हाई, तेवढं सांग की." मी डॉक्टर नाही, म्हणून पथ्याचं डॉक्टरांनाच विचारा म्हटलं. पण एक गोष्ट समजावून सांगितली. शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवतं, आणि त्यांची गोळी यकृतातलं ते बनवणं कमी करते. मग यकृताच्या पेशी रक्तातून जास्त ओढून घेतात. ती ओढ पेशीवरच्या ज्या रिसेप्टर प्रोटीनमुळे असते त्यावरच्या कामासाठी ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. मावशींनी शांतपणे ऐकलं. "म्हंजे पेशीला कळतंय, आपल्याकडं किती हाय ते?" हा प्रश्न फार नेमका होता. पेशीला कळतं ते एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममधल्या त्या पाच टक्क्यांवरून. बाहेरच्या पटलात भरपूर झालं की जादाचा भाग तिथे पोचतो आणि बनवणं थांबतं. निरोप वेळेत पोचायचा तर रेणूही वेळेत पोचायला हवा.

आणि इथेच माझी रेघ अपुरी पडते. आपसूक जायला तास लागतात. पेशीत हे मिनिटांच्या हिशेबात होताना दिसतं. म्हणजे पेशीत कुणी तरी ने-आण करणारं हवं. बाहेरच्या पटलात तर अडचण आणखी मोठी, कारण तिथे स्फिंगोमायलिन असतं. मी दात्यांमध्ये अंड्यातलं स्फिंगोमायलिन मिसळून पाहिलं. ते लांब, सरळ शेपट्यांचं लिपिड स्टेरॉलला घट्ट बिलगून बसतं, आणि रेघ इतकी सावकाश चढली की मोजणी संध्याकाळी संपवण्याऐवजी रात्रभर चालवावी लागली.

ने-आण करणारी प्रोटिनं आता बरीच माहीत आहेत. यीस्टमधलं ओश४ त्यातलं एक. त्याची रचना २००५ मध्ये उलगडली: आत स्टेरॉल मावेल एवढा बोगदा आणि त्यावर झाकण. स्टेरॉल आत शिरलं की झाकण बसतं आणि पाणी बाहेर राहतं. पुढे असंही दिसलं, की परतीच्या वाटेवर ते पीआय४पी हे दुसरं लिपिड घेऊन जातं. दोन पटलांमध्ये पीआय४पी कमी-जास्त असेल तर त्या फरकाच्या जोरावर स्टेरॉल उलट दिशेनेही, म्हणजे स्टेरॉल कमी असलेल्या पटलाकडून ते जास्त असलेल्या पटलाकडे, ढकलता येतं. पेशीतली ती तीस विरुद्ध पाचची तफावत कशी टिकते, याचं निदान एक उत्तर इथे मिळतं.

ओश४ चं जनुक घातलेले ई. कोलाय जिवाणू सध्या आमच्या शेकरमध्ये वाढतायत. प्रोटीन शुद्ध झालं की त्याच क्युव्हेटमध्ये, त्याच दात्या-घेत्यांमध्ये ते घालायचं. मला घाई झाली आहे, हे खरं. मॅडमचा आग्रह असा, की पहिली मोजणी उकळून निकामी केलेल्या प्रोटीनची. त्याने रेघ उचलली तर प्रोटीन लिपोसोम फोडतंय किंवा एकमेकांना चिकटवतंय असा संशय घ्यायचा, आणि आकार पुन्हा मोजायचा. नाही उचलली, की मग खरं ओश४.